भुशाच्या बोर्डाचं फर्निचर दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

पार्टिकल बोर्डाला, म्हणजे आपल्या भाषेत भुशाच्या बोर्डाला, भंगारवालाही हात लावत नाही. त्यामुळे कपाट फुगलं, विनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सुटलं, की ते वाचवण्याची धडपड सुरू होते. ती करावीच. पण सागवानाच्या हिशेबाने हात चालवला की वाचण्यासारखं कपाटही हातचं जातं.

ओल्या बोर्डावर काम सुरू करणं

सगळ्यात जास्त फर्निचर या घाईने मारलं आहे. लाकडाचा चुरा आणि युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक गरम प्रेसखाली दाबून हा बोर्ड बनतो. पाणी लागलं की दाबलेला चुरा फुगतो आणि डिंकाची पकड सुटते. वाळल्यावर पाणी जातं, फुगवटा मात्र बराचसा तसाच राहतो.

नेहमीचं प्रकरण बघा. रोज फरशी पुसताना पोछ्याचं पाणी कपाटाच्या बाजूच्या फळीत खालून चढत राहतं. दोन पावसाळ्यांत १८ मिमीची फळी २४ मिमी होते आणि खालच्या कडेचं विनियर पाकळीसारखं उलगडतं. मग हातोडीने ठोकायचं, रंधा मारून फुगवटा उतरवायचा, लांबी (पुट्टी) भरायची, वर ऑइल पेंट. दिवाळीला कपाट झकास दिसतं. पण रंध्याने बोर्डाचा वरचा घट्ट थर काढून टाकलेला असतो. आतला जाडाभरडा चुरा उघडा पडतो, आणि ओलीची बाहेर जायची वाट रंगाने बंद होते. पुढच्या पावसात रंगाला फोड येतात, खालच्या बिजागरीचे स्क्रू निघून येतात, दार फरशीला घासतं. तेव्हा धरायला घट्ट बोर्डच उरलेला नसतो.

आधी कपाट रिकामं करून दोन पट्ट्यांवर उचला, खालची स्कर्टिंग (तळाशी लावलेली पट्टी) काढा आणि पंखा लावा. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. फुगलेल्या जागी खूण करून रोज जाडी मोजा. सलग दोन दिवस आकडा उतरला नाही, की वाळलं असं धरा. हेअर ड्रायर लावून तासाभरात उरकणाऱ्यांचं वरचं विनियर वाळून तडकतं, आत ओल तशीच.

मग नखाने दाबून बघा. चुरा भुरभुरत नसेल, तर फटींमध्ये सावकाश सुकणारं इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून वापरायचा डिंक) सोडा. घट्ट वाटलं तर मिसळण्याआधी दोन्ही ट्यूब कोमट पाण्यात धरा. फेविकॉल पाण्याने पातळ करून ओतणं म्हणजे दोन आठवडे घालवलेली ओल पुन्हा आत भरणं. दोन्ही बाजूंना पॅकिंग टेप गुंडाळलेल्या प्लायच्या पट्ट्या लावा, दर १० सेंमीवर सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) बसवा आणि अर्ध्या तासात थोडे थोडे आवळत न्या. एकदम आवळलं तर विनियर सुरकुततं. पूर्ण २४ तास हात लावू नका. १९-१९.५ मिमीवर आलं तर काम उत्तम झालं म्हणायचं, १८चा हट्ट नको.

चुरा भुरभुरत असेल तर वाचवण्यात अर्थ नाही. खालची तीन इंच फळी कापून टाका आणि तिथे तेवढ्याच जाडीची वॉटरप्रूफ प्लायची पट्टी डॉवेल (लाकडी गोल खुंटी) घालून बसवा. कापलेल्या कडेला रंगाचे दोन हात आणि खाली प्लास्टिकचे पाय हवेतच. ते नसतील तर पट्टी बदलण्याची मेहनत फुकट.

विनियरच्या फुग्यावर इस्त्री फिरवणं

व्हिडिओत बघून हे करणारे रोज भेटतात. जुन्या फर्निचरचं विनियर सरसाने (हाडा-कातड्याच्या डिंकाने) चिकटवलेलं असे, आणि सरस उष्णतेने मऊ होतो. पांढऱ्या फेविकॉलचंही तसंच. पण कारखान्यात दाबलेल्या बोर्डाचा युरिया डिंक एकदा पक्का झाला की पुन्हा वितळत नाही. इस्त्रीने पॉलिश करपतं, ओलं फडकं घेतलं असेल तर वाफ बोर्डात शिरते आणि फुगा दुप्पट होतो.

फुगा लाकडाच्या रेषेच्या दिशेने नव्या ब्लेडने चिरा, आडवा नको, आडवी चीर कायम दिसते. सिरिंजने फेविकॉल सोडा, बोटाने कडेपासून चिरेकडे दाबत जादा डिंक बाहेर काढा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा, कारण सुकलेल्या डिंकावर पॉलिश चढत नाही. वर बटर पेपर, त्यावर सपाट ठोकळा, त्यावर वजन, रात्रभर.

८० नंबरचा पॉलिश पेपर

हल्लीचं विनियर जेमतेम अर्ध्या मिमीचं असतं. ८० चा खरखरीत पेपर ते खरवडून काढतो. सुरुवात बारीक २२० ने, ठोकळ्यावर गुंडाळून, रेषेच्या दिशेने आणि मास्क लावून. मशिनला तर हातच लावू नका.

त्याआधी ते विनियर आहे की छापील कागद, हे बघा. तुटलेल्या कडेला लाकडाचे तंतू दिसले तर विनियर. लाकडाची तीच गाठ दोन हातांच्या अंतरावर पुन्हा दिसली तर कागद, आणि त्यावर पॉलिश पेपर दोनदा फिरवला की खालचा भुसा उघडा पडतो.

काडीपेटीच्या काड्या

बिजागरीचा स्क्रू सैल झाला की भोकात काड्या आणि फेविकॉल. सहा महिने चालतं, मग भोक आणखी मोठं होतं. दुप्पट लांबीचा स्क्रूही नको, तो फळीच्या पलीकडून डोकावतो. ८ मिमीचं भोक १२ मिमी खोल पाडा, ड्रिलच्या बिटाला टेपची खूण करून. त्यात पक्क्या लाकडाचा डॉवेल फेविकॉल लावून ठोका, दुसऱ्या दिवशी कापून सपाट करा आणि २.५ मिमीचं भोक पाडून जुनाच स्क्रू हाताने पिळा. ड्रिल मशिनने पिळलात तर दोन सेकंदांत पुन्हा तेच.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी

विनियरचा टवका उडाला तर चौकोनी ठिगळ लावू नका, होडीच्या आकाराचं लावा. नवा तुकडा वर ठेवून दोन्ही थर एकदमच कापा, म्हणजे सांधा जुळतो. तुकडा उलट्या टोकाने फिरवला तर प्रकाशात वेगळा चमकतो, म्हणून आधी बाणाची खूण करा.

लांबीत रंग आधीच मिसळा. सुकलेली लांबी स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ रंग) नीट पीत नाही.

आणि भर पावसात लॅकर (वरचा चकचकीत पॉलिशचा हात) मारू नका, दमट हवेत ते पांढुरकं पडतं.