इंग्लंडमध्ये शेजारच्या बांधकामाला परवानगी मिळाली, तर कौन्सिलकडे तक्रार कशी करावी

शेजाऱ्याचं एक्स्टेन्शन उभं राहतं, आपल्या घरातला उजेड जातो, आणि कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, परवानगी कधीच देऊन टाकलेली असते. इंग्लंडमध्ये परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील करता येतं. दिली तर शेजाऱ्याला करता येत नाही. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. म्हणूनच तक्रार कशाची करायची, हे आधी ठरवा. निर्णय पटला नाही, एवढ्याने भागत नाही. तो घेताना कौन्सिलचं काय चुकलं, ते दाखवावं लागतं.

निर्णय व्हायचा असेल तर आधी हरकत नोंदवा. कौन्सिल शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा जागेजवळ नोटीस लावते. ही नोटीस म्हणजे बऱ्याचदा दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधलेला एक कागद! मुदत साधारण 21 दिवस. उजेड अडणं, घरात थेट दिसणं, आवाज, रहदारी हे मुद्दे धरले जातात. घराची किंमत उतरेल, खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, हद्दीचा वाद आहे, हे धरत नाहीत. सामाईक भिंतीसाठी 1996 चा पार्टी वॉल कायदा वेगळा आहे.

निर्णय झाला असेल तर कौन्सिलच्या वेबसाइटवरून केस ऑफिसरचा (अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा) अहवाल आणि नकाशे काढून घ्या. अहवाल ओळ न् ओळ वाचा, खरी लढाई इथेच आहे. आमच्या वेळी अहवालात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ‘बाथरूमची, धुरकट काचेची’ अशी नोंदवली होती. साहजिकच तिथल्या उजेडाचा विचारच झाला नव्हता. मी त्या खिडकीचा ओट्यासकट फोटो काढला आणि अहवालातल्या परिच्छेदाचा क्रमांक घालून तक्रारीला जोडला. तुमची हरकत अहवालात आली आहे का, अंतरं बरोबर मोजली आहेत का, कौन्सिलने स्वतःचेच नियम पाळले आहेत का, तेही तपासा. राग कितीही आला तरी शेजाऱ्याबद्दल एक अक्षर लिहू नका. तक्रार कौन्सिलच्या कामाची आहे.

आधी तक्रार कौन्सिलकडेच करायची. बहुतेक ठिकाणी तिचे दोन टप्पे असतात. शेवटच्या उत्तरानेही समाधान झालं नाही तर स्थानिक शासन व सामाजिक सेवा ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जा. तिथे पैसे लागत नाहीत. गोष्ट कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत जावं, आणि कौन्सिलकडे गेलेला वेळही त्यातच मोजला जातो.

ओम्बड्समन परवानगी रद्द करू शकत नाही, हे मनाशी पक्कं धरा. चूक झाली का आणि ती झाली नसती तर निर्णय वेगळा लागला असता का, हे ते पाहतात. त्यामुळे पत्र आलं नाही हे सिद्ध झालं, तरी बांधकामाला तशीही परवानगी मिळालीच असती, असं ठरलं तर हाती फार तर माफी येते. नुकसान दिसलं तर भरपाईची किंवा कामाची पद्धत सुधारण्याची शिफारस होते. परवानगीच उलटवायची असेल तर कोर्टात जावं लागतं. तिथे निर्णयापासून फक्त 6 आठवडे मिळतात आणि खर्च मोठा असतो, म्हणून निर्णय कळताच सॉलिसिटरला गाठा.

बांधकाम मंजूर नकाशाबाहेर जात असेल तर ही वाट नाही. कौन्सिलच्या एन्फोर्समेंट (नियमभंगावर कारवाई करणाऱ्या) विभागाला तारखेसह फोटो पाठवा, आणि तेही काम चालू असतानाच.