मागचं मडगार्ड बोल्टपाशीच का तडकतं?

कस्टम बाइकचं मागचं मडगार्ड तडकलं की पत्र्याला शिव्या बसतात. तडा कुठून निघालाय ते आधी बघा: बहुतेक वेळा बोल्टच्या भोकातूनच, कारण सगळी थरथर तेवढ्याच जागी येऊन आदळते. म्हणून आतल्या बाजूने, भोकांच्या मागे, ३ मिमी जाडीची पट्टी मडगार्डच्या गोलाईप्रमाणे वाकवून बसवा. पट्टीचे कोपरे कानशीने गोल करा. टोकदार कोपरा ठेवलात तर पुढचा तडा तिथूनच. वेल्डिंग सलग ओढू नका, टाके घालत जा, नाहीतर पत्रा वेडावाकडा होतो. (बॅटरीच्या वायरी आधी काढा. मी एकदा विसरलो होतो, परत नाही.) जुना तडा असेल तर त्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून मगच भरा.

रबरी बुश (थरथर शोषायला बोल्टभोवती बसणारं रबरी कडं) घालणार असाल तर त्यात धातूची नळी हवीच. नळी नसेल तर नट आवळताना नुसतं रबर चेपतं आणि बुश असून नसल्यासारखं होतं. बाकी रुंद वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, थरथरीने सैल न होणारा). बोल्टचं बुटकं डोकं आत, नट बाहेर. सस्पेन्शन पूर्ण दाबून ते डोकं टायरला घासत नाही ना, ते बघा.