ट्यूब तपासायची सोनोग्राफी: जाण्याआधी एवढं बघा

मूल राहत नसेल तर ट्यूब, म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या बीजनलिका, मोकळ्या आहेत का हे या सोनोग्राफीत बघतात. आधी नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट फाइलीत आहे का ते पाहा. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, एवढाच काय तो त्याला त्रास. तेवढंही न करता बायकोलाच आधी टेबलावर झोपवायचं, हे मला पटत नाही.

मग तारीख. लाल स्राव नीट सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचे डाग धरायचे नाहीत. त्याच दिवशी फोन करून नंबर लावा. तपासणी साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात होते: रक्त पूर्ण थांबलेलं हवं आणि बीज फुटायला अवकाश हवा. पाळीपासून तपासणीपर्यंत संबंध नकोत. संबंध आले असतील किंवा या वेळी अंगावरून फारच कमी गेलं असेल, तर सांगून टाका. लघवीची टेस्ट करून मगच पुढे जातात. वास येणारं पांढरं जाणं, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तपासणी पुढे ढकलतात. पूर्वी टीबी झाला असेल तर तोही सांगा, आपल्याकडे ट्यूब बंद होण्यामागे तो बऱ्याचदा निघतो. आधी कधी पिशवी साफ केली असेल आणि सासूबाईंसमोर बोलायचं नसेल, तर आत गेल्यावर डॉक्टरांना एकटीने सांगा.

सोनोग्राफी म्हटलं की बायका बाटलीभर पाणी पिऊन येतात. इथे उलट आहे. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची दांडी, खालून घालतात, म्हणून आत जाण्यापूर्वी लघवी करून या. भूल देणार नसतील तर हलका नाश्ता चालतो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून तासभर आधी घ्या. सैल कपडे, एक-दोन पॅड, जुने रिपोर्ट आणि सोबत कुणीतरी.

आत बारीक नळीतून सलाइन आणि हवेचे बुडबुडे, किंवा फेस सोडतात. एक्स-रे नाही, आयोडीनचा डायही नाही. पडद्यावर पांढरी चमक ट्यूबमधून पुढे सरकताना दिसते. गर्भाशयामागे पाणी जमलं तर निदान एक बाजू मोकळी आहे. पाळीसारखी कळ येते. त्या कळीनेच कधी ट्यूब आवळून बसते आणि बंद असल्यासारखी दिसते. म्हणून रिपोर्टवर ‘ब्लॉक’ वाचून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका, दुसऱ्या पद्धतीने खात्री करायची का ते विचारा.

नंतर दिवसभर थोडं पाणी, थोडे डाग जातात, खांदाही दुखू शकतो. ताप, वाढती कळ किंवा पॅड भिजेल इतकं रक्त गेलं तर मात्र सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.