कोल्हापुरात नव्यानं आलाय आणि जुनी फोर बाय फोर घ्यायचीय?

बदलीनं, नोकरीनं किंवा सासर म्हणून कोल्हापुरात आलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात एक खूळ लागतं. शेजाऱ्याच्या दारात जुनी थार, ऑफिसातल्या कुणाची तरी जिप्सी, रविवारी गगनबावडा रोडला चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग. हे बघून बघून आपल्यालाही फोर बाय फोरच, म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना जाणारी गाडीच हवी असं वाटायला लागतं. मी मूळचा अकोल्याकडचा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला म्हणून आलो आणि इथलाच होऊन गेलो. नवी मंडळी गाडीचं विचारायला आली की मी आधी उलटं विचारतो: तुमचं रोजचं जाणं-येणं कुठल्या अंगाला?

कारण हा जिल्हा गाडीच्या दृष्टीनं दोन जिल्हे आहेत. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ, इचलकरंजी, जयसिंगपूर. सपाट मुलूख, काळी जमीन, ऊस. इथं डांबरी सोडून तुम्ही फारसे खाली उतरणारच नाही, आणि पाणंदीत उतरलात तर काळा चिखल टायरच्या नक्षीत गच्च भरतो. मग चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय, गाडी जागेवरच घसरते. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड. जांभा दगड, तांबडी माती, चढ-उतार, चार महिने न थांबणारा पाऊस. तिकडं शेत असेल, साइट असेल, वाडीवस्तीवरची नोकरी असेल, तर फोर बाय फोरचा पैसा वसूल होतो. शहरातल्या शहरात राजारामपुरी ते ताराबाई पार्क करायचं असेल तर साधी, दोनच चाकांना ताकद जाणारी कार घ्या. वाचलेल्या पैशांत चांगले टायर टाका.

महापुरासाठी म्हणून घ्यायची असेल तर तो विचारच सोडा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. चारी चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडीची होडी होत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून रस्ते जातात. ते पाण्याखाली गेले की ‘फोर बाय फोर आहे, निघंल’ म्हणणारा माणूस शेजारी बसला असेल तर त्याला खाली उतरवा आणि गाडी वळवा.

आता मुद्द्याचं. गाडी शोधायच्या आधी मिस्त्री शोधा. या बाबतीत कोल्हापूरसारखं गाव नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बुश करून मिळतो, शाफ्ट सरळ होतो, झिजलेली जागा भरून पुन्हा टर्न होते. कंपनीचा पार्ट महिनाभर येत नसला तरी जुनी जीप इथं आठवड्यात रस्त्यावर येते. पण लेथवर सेन्सर होत नाही. म्हणून मिस्त्रीला सरळ विचारा, कुठल्या गाडीचं ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची पेटी) तुम्ही स्वतः खोलता? तो ज्या गाडीचं नाव घेईल ती तुमची गाडी. बघायला जाताना त्यालाच सोबत न्या, दिवसाचा रोज खळखळ न करता द्या. गाडीखाली सरकून दोन मिनिटांत बाहेर येऊन ‘खालनं खाल्लीया’ एवढंच बोलला तर तिथला चहासुद्धा न घेता निघा.

ढोबळ मानानं दोन जाती. एक लिव्हरवाली: जिप्सी, थार, जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर, जुनी सफारी, गुरखा, अलीकडची जिम्नी. एरवी मागची दोन चाकं चालतात, लिव्हर टाकला (जुन्या स्कॉर्पिओ, सफारीत नॉब फिरवला) की पुढची जोडली जातात. एरवीच्या वेगाला फोर हाय, आणि हळू पण जोरात ओढणाऱ्या फोर लो मध्ये अवघड चढ निघतो. यात पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल, म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नसते. म्हणून कोरड्या डांबरीवर फोर हाय टाकून वळणं घेतली की सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, लिव्हर अडकून बसतो. तसं झालंच तर थोडी सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटतो. दुसरी जात आपोआप चालणारी. २०१४ ला आलेली रेनॉची डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं मॉडेल. खालच्या बाजूला टू व्हील, ऑटो आणि लॉकचा नॉब, मागं स्वतंत्र सस्पेन्शन, लो रेंज नाही पण पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलेला. गगनबावड्याला रोज जाणाऱ्यानं यापेक्षा जास्त मागू नये. कंपनीनं इथं ही डस्टर २०२२ ला बंद केली, त्यामुळे मागच्या कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं) काम करणारा माणूस आधी हुडका. डिझेल इंजिन टायमिंग बेल्टवर आहे. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजून किंमत पाडा.

नावावर जाऊ नका. थार म्हटली की फोर बाय फोर असेलच असं नाही. जुन्या थार डीआयमध्येही दोनच चाकांना ताकद जाणारी होती आणि २०२३ पासून नव्यातही आहे. डस्टर आणि स्कॉर्पिओ तर बहुतेक तशाच. खाली वाकून पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना ताकद जाते का ते बघा. आणि ‘शौकीन जीप’ म्हणून विकायला असलेली बरीचशी लांब बॉडीची गाडी आयुष्यभर वडाप (खासगी प्रवासी वाहतूक) मारून आलेली असते. चॅसिस कापून आखूड केलेली, इंजिन दुसरंच बसवलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही आणि पुढं पासिंगला तीच गाडी अडते. दिसायला कितीही झ्याक असली तरी माझं मत ‘नको’ असंच.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं ही इथली खरी परीक्षा. पासिंगचा नंबर बघूनच निम्मं कळतं. एमएच ०९ आणि एमएच १० म्हणजे आपलं आणि सांगलीचं, तिथं २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै विचारायचा. एमएच ०८ रत्नागिरी, तिथं २०२१ च्या जुलैतलं चिपळूण. एमएच ०७ सिंधुदुर्ग आणि गोवा पासिंगला पुरापेक्षा खाऱ्या हवेचा गंज बघायचा. विमा कंपनीकडून त्या महिन्यांतला क्लेम निघतो का ते पाहायला मालकाला लावा. खळखळ करायला लागला तर तेच उत्तर.

बघायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ राहते. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. सीटखालच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेत का, फ्यूज बॉक्समधल्या पितळी पिनांवर हिरवट थर आहे का, हेडलाइटच्या आत रेघ आहे का. गाडीत सुगंधी डबी जास्तच घमघमत असेल तर मॅट उचलून खालचा कापूस दाबून बघा. मग मिस्त्रीला पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलचा आणि ट्रान्स्फर केसचा ऑइलचा प्लग उघडायला सांगा. बोटाला लागलेलं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. हे महापुरातच होतं असं नाही. चालून तापलेलं हाऊसिंग थंड ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) चिखलानं बुजलेला असला की सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आठवड्याला ओढा ओलांडणाऱ्या गाडीचं क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधले मुख्य गिअर) असंच जातं, आणि विकताना मालक फक्त इंजिनाचा आवाज ऐकवतो.

चाचणी मातीच्या मोकळ्या मैदानात घ्या. फोर हाय, फोर लो, दोन्ही पडतात का, डॅशबोर्डवरचा दिवा लागतो का. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, पुढच्या चाकातून कटकट आली तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सांधा) गेला. त्यावरचा रबरी बूट फाटला असेल तर आज आवाज नसला तरी लवकरच येईल. चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. आपोआप चालणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर म्हणजे कपलिंग सतत घासतंय. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) असतील तर ते टायर धरूच नका, नव्या चार टायरांचे पैसे किमतीतून वजा करा.

कागदाचं थोडक्यात. टीटीचे (गाडी नावावर करायचे) फॉर्म, म्हणजे २९ आणि ३० नंबर, बँकेचा बोजा असेल तर ३५, परराज्यातली गाडी असेल तर २८ नंबरची एनओसी. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या भुरळ पाडतात, कारण तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली. बेळगाव आणि गोव्याच्या गाड्याही स्वस्त वाटतात. पण परराज्याची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इकडचा रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावाच लागतो. तो धरून हिशेब केला की स्वस्ताई बहुतेक वेळा विरघळते. पंधरा वर्षांच्या पुढची जिप्सी घेताना फिटनेस कुठपर्यंत आहे आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. थकलेली ई-चलनं मालकाकडूनच भरून घ्या. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला द्या आणि त्यात इंजिन प्रोटेक्टची जोड घ्या, कारण साध्या विम्यात पाणी ओढून बसलेलं इंजिन धरत नाहीत. गाडी नावावर होईपर्यंत इसाराच्या पुढची पूर्ण रक्कम मोजू नका, मालक कितीही ओळखीतला असला तरी.

घ्यायची कधी? दसरा-पाडव्याला भाव चढे असतात. आषाढात इथं बरेच लोक गाडी घेत नाहीत, विकणारा जरा मऊ असतो, वर पाऊस चालू असल्यानं गळती, वायपर, चिखलातली पकड सगळं एका फेरीत कळतं. मुहूर्त पाळायचा असेल तर आषाढात ठरवा, टोकन द्या आणि श्रावणात घरी आणा.

आणल्यावर पहिलं काम, मालक काहीही सांगो, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल, सगळं ऑइल बदला. ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड बॉनेटखाली उंचावर न्या. स्वस्त काम आहे, उद्यमनगरात दुपारभरात होतं. क्रॉसला (शाफ्टच्या सांध्याला) ग्रीस पावसाळ्यात लवकर लवकर मारा. दर पंधरवड्याला मातीच्या रस्त्यावर थोडं अंतर फोर बाय फोर चालवा, वर्षभर न टाकलेला लिव्हर ऐन चिखलात पडत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातला ओला चिखल डांबरीवर आणून सोडतात, तेव्हा पहाटे वेग कमी ठेवा. घसरणाऱ्या गाडीला थांबवताना फोर बाय फोरचा काही उपयोग नाही, तिथं टायर आणि ब्रेकच. मसाई पठारावर चाकं उतरवू नका, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. दाजीपूरच्या जंगलात जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि घाटातून परत आलात की दुसऱ्याच दिवशी गाडी रॅम्पवर घेऊन खालून धुवा. तांबडी माती वाळून चॅसिसच्या कोपऱ्यांत बसली की ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो.