इंजिन ऑइल खातंय? पिस्टन विकत घेण्याआधी या चुका टाळा

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की पहिला सल्ला ठरलेला: "इंजिन खोलून टाका." मालक हौशी असेल तर पुढचा: "फोर्ज्ड पिस्टन टाका, परत बघायला नको." दोन्ही सल्ल्यांत घाई आहे. फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेला, पिस्टन ताकदीसाठी असतो. ऑइल अडवतात त्या पिस्टनवरच्या रिंगा, बोरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) फिनिश आणि ऑइल रिंगच्या खाचेतली भोकं.

धूर कधी येतो हे न बघता इंजिन उतरवणं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना किंवा सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना एकदाच भपकारा आला, तर संशय वॉल्व्ह सीलवर (वॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली झिरपू न देणाऱ्या रबरी सीलवर) घ्या. एखादा पूल चढताना, इंजिनवर लोड असताना सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे बघा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंगा-बोरची; तसाच राहिला तर वॉल्व्हची किंवा गॅस्केटची. पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनच्या खालच्या भागातले वायू बाहेर काढणारा) तुंबला तरी इंजिन ऑइल पितं, आणि तो बदलायला फारसा खर्च येत नाही. तो आधी तपासा.

रोजच्या गाडीत २६१८ चा पिस्टन. फोर्ज्डमध्ये दोन मिश्रधातू नेहमी भेटतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो आणि पिस्टन व बोरमधली फट कमी ठेवता येते. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो चिवट आहे, जास्त बूस्ट (टर्बोचा दाब) आणि डेटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) सोसतो, पण जास्त फुगतो म्हणून फट मोठी ठेवावी लागते. थंड इंजिनात तो बोरमध्ये डुलतो, खडखडतो, आणि डुलणाऱ्या पिस्टनवर रिंग नीट टेकत नाही. घरापासून बाजारापर्यंत अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापायच्या आत गाडी पार्क होते. टर्बोचा बूस्ट वाढवायचा नसेल तर कंपनीचा साधा कास्ट (ओतीव) किंवा हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनचा ओतीव) पिस्टनच बरा. थोडी जास्त ताकद हवी असेल तर ४०३२.

ऑइल परत जायची वाट न तपासणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ऑइल रिंग भिंतीवरून खरवडलेलं ऑइल खाचेतल्या भोकांतून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या भागात) परत पाठवते. भोकं बारीक असली किंवा कार्बनने बुजली, की ते ऑइल वर जाऊन जळतं. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात हा त्रास निघाला होता. अमेरिकेत कंपनीने सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या. त्यामुळे नवा पिस्टन घेताना तो उलटा करून भोकं किती आणि केवढी आहेत ते जुन्याशी ताडून बघा. जुनाच वापरणार असाल तर योग्य मापाचं ड्रिल बिट हाताने फिरवून कार्बन काढा. तुटक्या रिंगने खाच खरवडू नका, कडा ओरबाडली जाते.

रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) न मोजता बसवणं. "सेट आहे, मापातच असणार" यावर विसंबू नका. रिंग बोरमध्ये घाला, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली ढकला आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. साध्या पेट्रोल इंजिनात ७५ मिमी बोरला वरच्या रिंगचा गॅप ढोबळमानाने ०.३० मिमी येतो. अंतिम माप मात्र मॅन्युअलमधलं. छाप असलेली बाजू वर, आणि सगळ्या गॅपची तोंडं एका रेषेत नकोत. बोर ओव्हल झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा घालून भागत नाही. बोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घ्यावा लागतो, आणि तोही हातात आल्यावरच लेथवाल्याकडून त्याच्या मापाने बोरिंग-होनिंग (बोर मोठा करून घासणं) करून घ्या.

नवं इंजिन थेट ट्रॅफिकमध्ये. रिंगा बसायला लोड लागतो, आयडलवर त्या बसत नाहीत. पहिली फेरी पहाटे मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर मारा. वेगमर्यादेत राहून मध्यम थ्रॉटल द्या, मग गिअरमध्येच पाय सोडा, असं आलटून पालटून. पहिलं ऑइल मिनरल असू द्या, लवकर बदला आणि पहिले हजार किलोमीटर डिपस्टिक वरचेवर बघा. सुरुवातीला पातळी थोडी उतरेल. हजारानंतरही तितक्याच वेगाने उतरत राहिली तर पुन्हा कॉम्प्रेशन मोजा.