स्पिरिट स्टोव्हवर पाणी उकळतच नाही? आधी या चुका टाळा

अर्धा लिटर पाणी 20 अंशांवरून आधणाला आणायला 15 ते 20 मिली इथेनॉल (या स्टोव्हमध्ये जळणारं अल्कोहोल) पुरतं. तुम्हाला त्याच्या दीडपट-दुप्पट लागत असेल तर स्टोव्ह बदलायची घाई करू नका, उष्णता कुठून निसटतेय ते बघा, आणि बहुतेक वेळा ती वाऱ्यानेच पळवलेली असते.

हा स्टोव्ह गॅससारखा जोर लावत नाही, ज्योत मऊ असते, झुळूक आली की भांड्याच्या बुडाऐवजी बाजूच्या हवेलाच शेकते. म्हणून विंडस्क्रीन, म्हणजे स्टोव्हभोवती उभा करायचा वाऱ्याचा आडोसा, पाहिजेच. पण तो भांड्याला घट्ट गुंडाळायचा नाही, ही चूक मी स्वतः कितीतरी दिवस करत होतो, खाली हवा मिळत नाही मग ज्योत पिवळी होते, धुरकट वास येतो, किंवा उलट इंधन जास्त तापून भडकतं आणि पाणी तापायच्या आत संपून जातं. भांडं आणि स्क्रीनमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर जागा ठेवा आणि खालच्या कडेला हवेसाठी भोकं असू द्या.

दुसरं म्हणजे स्टोव्हपासून भांड्याची उंची. भांडं फार जवळ असेल तर ज्योत गुदमरते, फार वर असेल तर अर्धी उष्णता बाजूने निघून जाते. बऱ्याच स्टोव्हला साधारण 3 ते 4 सेंटीमीटर बरोबर बसतं, पण घरी अंगणात मोजून बघाच. उंच अरुंद मगापेक्षा रुंद बुडाचं भांडं घ्या, आणि झाकण!! झाकण न ठेवता उकळीची वाट बघणं म्हणजे इंधन हवेत सोडणं.

थंडीत स्टोव्ह पेटतच नाही अशी तक्रार असते. इथेनॉलची वाफ 13 अंशांच्या खाली पेट घेण्याइतकी होत नाही, त्यामुळे बाटली थोडा वेळ जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, स्टोव्हखाली फॉइल किंवा सपाट लाकूड घाला, आणि मधून उघडा असणारा स्टोव्ह असेल तर ज्योत नीट फुलल्यावरच भांडं ठेवा.

इंधनात पण घोळ होतो. 70 टक्केवालं अल्कोहोल घेऊ नका, 30 टक्के पाणी तापवण्यातच उष्णता जाते आणि शेवटी तळाशी पाणचट थेंब राहून ज्योत विझते. आयसोप्रोपिल अल्कोहोल जळतं पण भांडं काजळीने काळंकुट्ट करतं. मेथॅनॉल विषारी आहे, उष्णताही कमी देतं, मी तरी वापरत नाही.

आणि एक गोष्ट खरंच कळकळीने सांगतो, उन्हात ही ज्योत दिसत नाही. विझला असं वाटून वरून इंधन ओतलं की ज्योत धारेवर चढून थेट बाटलीपर्यंत येते. आधी हात वर लांबून धरून ऊब लागते का बघा, मग पूर्ण थंड होऊ द्या, मगच भरा. बंद तंबूत तर पेटवूच नका, जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो.