ड्रॉप टॉवरमध्ये अणूंचा इंटरफेरोमीटर चालवायचा तर आधी ढग आवरा

ब्रेमेनचा ड्रॉप टॉवर 146 मीटर उंच आहे. आतल्या निर्वात नळीत कॅप्सूल वरून सोडली तर 4.7 सेकंद, खालून कॅटापुल्टने उडवली तर नऊ सेकंदांच्या आसपास वजनरहित अवस्था मिळते. नळीतली हवा उपसण्यातच दीड-दोन तास जातात, त्यामुळे दिवसाकाठी दोन-तीन उड्डाणंच पदरात पडतात. म्हणून नव्या विद्यार्थ्यांना मी आधी लेसरला हात लावू देत नाही, अणूंचा ढग आवरायला लावतो.

या इंटरफेरोमीटरमध्ये लेसरचे स्पंद ढगाला दोन वाटांवर पाठवतात आणि पुन्हा एकत्र आणतात; तेव्हा उमटणाऱ्या पट्ट्यांवरून त्वरण कळतं. दोन स्पंदांमधला काळ दसपट केला की त्वरणाची संवेदनशीलता शंभरपट होते. सगळा खटाटोप त्यासाठीच. पण एक मायक्रोकेल्विनचा (निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा दशलक्षावा भाग) रुबिडियमचा ढग सेकंदाला जवळजवळ एक सेंटिमीटर पसरतो आणि कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. त्याच्या हजाराव्या भागाला, एक नॅनोकेल्विनला, हाच वेग 0.3 मिलिमीटरवर येतो.

तेव्हा अ‍ॅटम चिपवर (अणूंना चुंबकीय सापळ्यात धरणारी चिप) कंडेन्सेट (एकाच क्वांटम अवस्थेतला अतिथंड ढग) तयार झालं की सापळा बंद करा, ढग फुगू द्या आणि सापळा क्षणभर पुन्हा लावा. जो अणू जास्त वेगवान, तो जास्त लांब गेलेला असतो आणि त्यालाच जास्त ओढ बसते. सगळे जवळपास थांबतात. हीच डेल्टा-किक. किक लांबली तर ढग आधी आकसतो आणि मग अधिकच पसरतो. एकाच फोटोवर विसंबू नका, वेगवेगळ्या वेळांची रुंदी आलेखावर मांडा. याच टॉवरमध्ये चुंबकीय भिंगाला, म्हणजे अशाच किकला, ढगाच्या स्वतःच्या आंदोलनाची जोड देऊन 38 पिकोकेल्विन (नॅनोकेल्विनचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोकेल्विन) गाठले गेले; 2021 साली ते प्रसिद्ध झालं. मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

किक झाल्यावरच अणू चुंबकीय क्षेत्राला फारशी दाद न देणाऱ्या अवस्थेत न्या. आधी नेलेत तर किक लागणारच नाही.

आता लेसर. जमिनीवर उभ्या शलाकेत पडणाऱ्या अणूंना डॉपलर परिणामामुळे (वेगामुळे जाणवणारी वारंवारिता बदलते) वरचा आणि खालचा धक्का वेगवेगळ्या वारंवारितेला बसतो. कॅप्सूलमध्ये ते जागच्या जागी तरंगतात, दोन्ही दिशांचा अनुनाद (धक्का बसतो ती वारंवारिता) एकच होतो आणि ढग दोन्हीकडे फुटतो. त्याच्याशी झगडू नका. दुहेरी ब्रॅग विवर्तन (लेसरने ढगाला एकाच वेळी दोन्ही दिशांना ढकलणं) म्हणून तेच वापरा: ढगाच्या दोन्ही शाखा सममित राहतात, अंतर दुप्पट मिळतं.

स्पंदांमधला काळ मात्र टप्प्याटप्प्याने वाढवा. पट्ट्यांचा ठळकपणा एकदम घसरला तर पुढचं उड्डाण त्याच काळावर, फक्त किकची लांबी बदलून करा.